खुर्द्याची गणती : युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाची भाषा

१

रणांगणावर पडलेल्या माणसाचे स्मरण कोणत्या शब्दांत केले जाते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा इतिहासकारांवर किंवा कवींवर सोपविण्यात आला आहे. इतिहासकार त्या शब्दांतून घटना वेचून घेतो आणि शब्द बाजूस ठेवतो. कवी त्यांतून वीररस घेतो. परंतु मृतांपैकी कोणाला विशेषनाम मिळते, कोणाला केवळ संख्या मिळते आणि कोणाच्या वाट्याला नुसते एक क्रियापद येते, याची चौकशी भाषेच्या अभ्यासकानेच करावयास हवी. कारण हा भेद प्रथम भाषेत घडतो. दगडावर, कागदावर तो मागाहून उमटतो.

प्रस्तुत लेखात ही चौकशी तीन लेखांच्या आधारे करावयाची आहे. पहिला लेख म्हणजे पानिपतच्या पराभवाची वार्ता सांगणारे १७६१ सालचे सावकारी पत्र. दुसरा म्हणजे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मरण पावलेल्यांसाठी बसरा येथे उभारलेले स्मारक व त्याची नोंदवही. तिसरा लेख लिहिलेला नाहीच. तो एरंडोल येथील एका घरात चार पिढ्या बोलले गेलेले एक वाक्य आहे. ते घर प्रस्तुत लेखकाचेच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. परीक्षकाचे परीक्ष्य वस्तूशी नाते असेल तर ते त्याने झाकून ठेवू नये.

ते वाक्य असे : ‘बसराना बाबा लढाईमा गया.’

अहिराणीत ‘ना’ हा षष्ठीचा आणि ‘मा’ हा सप्तमीचा प्रत्यय. ज्यांच्याविषयी हे बोलले जाई ते माझ्या आजोबांचे थोरले चुलते. पहिल्या महायुद्धात ते फौजेबरोबर बसऱ्यास गेले आणि परत आले नाहीत. घरी त्यांचे छायाचित्र नाही, पत्र नाही, पदक नाही. जे आहे ते हे एवढेच वाक्य. त्याचे मोल किती हे ठरविण्यापूर्वी आपल्या भाषेतील अधिक प्रतिष्ठित लेखांनी हेच काम कसे केले आहे, ते पाहणे अवश्य आहे.

२

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात होते. त्यांच्या हाती सावकारी पत्र पडले व त्यातील सांकेतिक मजकुरावरून त्यांना वार्ता कळली, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात दिली आणि पुढे ती मराठी वाचकाच्या स्मरणात कायमची बसली. पत्राचा आशय सर्वपरिचित आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याचा जो खुर्दा गेला त्याची बेरीज होत नाही, असा तो आशय. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे उरलेले सर्व.

या पत्राच्या संक्षेपाची आजवर पुष्कळ वाखाणणी झाली आहे आणि ती अनाठायी नाही. एका वाक्यात एवढा अनर्थ सांगणे हे सामान्य लेखणीचे काम नव्हे. तरीही या रूपकाची घडण तपासली असता एक गोष्ट ध्यानी येते. गुप्तता राखण्यासाठी नाण्यांची भाषा वापरली, हे खरे. पण नाण्यांची भाषा निवडताच माणसांची प्रतवारी आपोआप होऊन बसली. मोती मोजून सांगता येतात, मोहराही मोजता येतात. खुर्दा मात्र मोजण्याजोगा राहत नाही. वस्तुतः खुर्दा अगणित असतो तो संख्येने फार म्हणून नव्हे, तर एकेका नाण्याची किंमत मोजण्याच्या श्रमापेक्षा कमी ठरते म्हणून. सावकाराच्या व्यवहारात हे योग्यच आहे. शोकाच्या व्यवहारात ते योग्य आहे काय, हा प्रश्न त्या पत्राच्या एकाही स्तुतिपाठकाने विचारल्याचे आढळत नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, ज्याच्या हाती हे पत्र पडले तो केवळ राज्याचा धनी नव्हता. विश्वासराव त्याचा पुत्र होता आणि भाऊ हा चुलतभाऊ. म्हणजे हे पत्र राजकीय वार्तेइतकेच घरातील मृत्यूचे पत्र होते. त्यात नातेवाचक शब्द एकही नाही. बापाला मुलाच्या मरणाची वार्ता रत्नाच्या नावाने मिळाली. त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेब पुण्यास वारले. नाते भाषेतून काढून टाकल्याने ते माणसातून जात नाही, एवढे तरी त्यावरून समजावे.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे मरण मानलेच नाही आणि त्या सौभाग्यचिन्हे बाळगून राहिल्या. भाऊंचा तोतया निघाला, त्याने कित्येक वर्षे राज्यास घोर लावला आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. एका मोत्याचे मरण संदिग्ध राहिले तर त्यातून बंड उभे राहते, नाटक उभे राहते, इतिहासाचा अध्याय उभा राहतो. खुर्द्यातील हजारो घरी तीच संदिग्धता आली असली पाहिजे. तेथेही कोणी कुंकू पुसले नसेल, कोणी वाटेकडे डोळे लावले असतील. त्यांच्यासाठी भाषेने काय ठेवले?

३

भाषेने त्यांच्यासाठी एक वाक्प्रचार ठेवला. तो म्हणजे ‘कामास येणे’. बखरींतून व ऐतिहासिक पत्रांतून रणात पडलेल्यांविषयी ‘कामास आले’ असे वारंवार म्हटलेले असते. हा प्रयोग मोठा अर्थपूर्ण आहे. त्यात मरण हा शब्द नाही; त्याच्या जागी उपयोग आहे. शिवाय ‘काम’ या शब्दास एक षष्ठी अपेक्षित असते; काम कोणाचे, हे सांगावे लागते. वाक्यात ती षष्ठी बहुधा लिहिलेली नसते, कारण ती सर्वांना ठाऊक असते : काम धन्याचे. मरणारा स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या प्रयोजनाने वाक्यात येतो.

यापुढे प्रतिष्ठित भाषेने जे शब्द घडविले त्यांत मृताचा मान वाढत गेला. ‘धारातीर्थी पतन’ यात तलवारीची धार हेच तीर्थ होते. ‘वीरगती’त मरण ही एक गती, म्हणजे परलोकीची प्राप्ती ठरते. ‘हुतात्मा’ या शब्दात यज्ञाची कल्पना आहे. ज्याची आहुती पडली तो. ‘शहीद’ हा अरबी शब्द मुळात साक्षीदाराच्या अर्थाशी निगडित आहे. या सर्व शब्दांत मरण हे मृताचे कर्तृत्व बनते, आणि याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु या शब्दांना एक मर्यादा आहे. ते सारे मृताला कोणत्या ना कोणत्या मोठ्या वस्तूशी जोडतात : तीर्थाशी, यज्ञाशी, धर्माशी, राष्ट्राशी. मृताला मागे राहिलेल्या माणसांशी जोडण्याची शक्ती त्यांत नाही. ‘माझा हुतात्मा’ असे कोणी म्हणत नाही. ‘माझा भाऊ’ असे म्हणावे लागते.

येथे धर्मशास्त्र व पंचांग यांनी भाषेहून अधिक सूक्ष्म विचार केलेला दिसतो. भाद्रपद वद्य चतुर्दशीस पंचांगात ‘शस्त्रादिहतपितृश्राद्ध’ असे लिहिलेले असते. ज्यांना शस्त्राने मरण आले त्यांच्यासाठी तो दिवस राखलेला आहे. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सर्वपित्री अमावास्या. म्हणजे वार्ता न आलेल्या, देह न मिळालेल्या माणसासाठीही कालगणनेत एक जागा मोकळी ठेवलेली होती. तेथे मोती व खुर्दा असा भेद नाही.

४

आता दुसऱ्या लेखाकडे वळू. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन शत-अल-अरबच्या मुखाशी उतरली व त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. पुढे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत येथे या फौजेस वेढा पडला व अखेर तिला शरण जावे लागले. त्या फौजेत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. लढणाऱ्यांखेरीज खेचरवाले, हमाल, नावाडी, मजूर असे अगणित लोक हिंदुस्थानातून या मोहिमेवर नेण्यात आले. बसरा हे त्या सर्वांचे बंदर; म्हणून मराठी घरांतून त्या साऱ्या मोहिमेचे नावच ‘बसरा’ असे पडले.

मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा चाळीस हजार पाचशेंहून अधिक लोकांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकाचे अनावरण २७ मार्च १९२९ रोजी झाले. पुढे १९९७ साली ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. या स्मारकाच्या भिंतींवर गोऱ्या अधिकाऱ्यांची व शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी पलटणींच्या बाबतीत मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि त्यांच्याखाली इतर शिपायांची केवळ संख्या दिली. अमुक सुभेदार, अमुक जमादार आणि इतर इतके.

पानिपतच्या पत्राची रचना आठवणाऱ्या वाचकास येथे अधिक सांगणे नको. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, राज्य बदलले, लिपी बदलली, कागदाच्या जागी दगड आला. पण वाक्याची घडण तीच राहिली. प्रथम विशेषनामे आणि शेवटी बेरीज. फरक इतकाच की सावकाराला खुर्द्याची बेरीज करता आली नव्हती. साम्राज्याच्या कचेरीला ती आली.

कोणी म्हणेल की इतकी नावे कोरणे शक्य नव्हते. हा बचाव टिकणारा नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. तेथे शिपाई व सुभेदार दोघांनाही नाव आहे. एकाच फौजेतील शिपाई युरोपात मेला तर त्याला नाव मिळाले, इराकात मेला तर त्याला अंक मिळाला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० व कदाचित ३,५०,००० पर्यंत लोकांचे स्मरण नावाने झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, अशी कबुली त्यात आहे. यांत आफ्रिका व आशिया येथील लोकच बहुसंख्य आहेत.

आपल्याकडील अनेक गावांतून १९१४–१९ च्या युद्धासंबंधी ज्या दगडी पाट्या बसविल्या गेल्या, त्यांचीही भाषा संख्येचीच आहे. या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक होते, तेथेही नावे न लिहिता आकडा लिहिला गेला. उलट, स्वतंत्र भारताने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत जे राष्ट्रीय युद्धस्मारक उघडले, त्यावर आरंभीच २५,९४२ नावे हुद्द्याचा भेद न करता कोरलेली होती. हे वाक्यरचनेतील परिवर्तन आहे आणि त्याची नोंद समीक्षकाने घ्यावयास हवी. परंतु ते स्वातंत्र्योत्तर मृतांपुरते आहे. बसऱ्याच्या भिंतीवरील अंक अंकच राहिला आहे.

५

बसरा स्मारकाच्या नोंदवह्या मात्र वेगळ्या आहेत. भिंतीवर जे शिपाई केवळ संख्येत सामावले त्यांची नावे त्या वह्यांत लिहिलेली आहेत आणि ती आता पाहावयास मिळतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. काही नोंदींत पत्नीचेही नाव असते. भिंत मृताला हुद्द्याने ओळखते. वही त्याला नात्याने ओळखते. या दृष्टीने वही ही घरातल्या बोलण्याला अधिक जवळची आहे.

तथापि येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकापुढे एक निराळीच अडचण उभी राहते. ही नावे रोमन लिपीत, बहुधा मराठी न जाणणाऱ्या कारकुनांनी लिहिली. त्या लिपीत ‘ट’ व ‘त’ यांस एकच अक्षर, ‘ड’ व ‘द’ यांस एकच, ‘ण’ व ‘न’ यांस एकच, आणि ‘ळ’ला स्वतःचे अक्षरच नाही. काळू व कालू, बाळा व बाला, राणू व रानू हे तेथे एक होऊन जातात. गावांच्या नावांचेही तेच. शब्दारंभीच्या ‘ए’चा उच्चार आपल्याकडे ‘ये’कडे झुकतो, तेव्हा एरंडोल हे नाव दोन रीतींनी लिहिले जाणे सहज शक्य आहे. जिल्ह्याच्या नावाचीही अशीच गोष्ट. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्व खानदेशाचे जळगाव असे नामांतर १९६० साली झाले. नोंद मात्र कधी नुसत्या ‘खानदेश’ अशीही असू शकते. म्हणून या वह्यांतून आपला माणूस शोधणे हे वाचन नव्हे. ते ध्वनींचे पुनर्घटन आहे. लिहिलेल्या रूपावरून बोललेले रूप, आणि बोललेल्या रूपावरून माणूस.

प्रस्तुत लेखकाने हा यत्न केला व तो फसला. फसण्याचे कारण पुष्कळसे वहीत नव्हते, आमच्या घरात होते. वहीत शोधावयाचे तर नाव हवे, आणि बसराना बाबांचे नाव आमच्या घरात कोणालाच सांगता येईना.

हे कसे झाले, याचा उलगडा होण्यास मला पुष्कळ काळ लागला. या माणसाची आठवण घरात ज्यांनी जतन केली त्या सर्व स्त्रिया होत्या. एक त्याची पत्नी, दुसरी त्याच्या धाकट्या भावाची पत्नी, म्हणजे माझी पणजी. आणि तिच्याकडून ऐकलेली तिची सून, म्हणजे माझी आजी. आता रूढी अशी की पत्नीने पतीचे नाव घेऊ नये, धाकट्या भावजयीने भासऱ्याचे नाव घेऊ नये, सुनेने सासऱ्याच्या पिढीतील वडीलधाऱ्यांची नावे घेऊ नयेत. पत्नीला नाव घेण्याची एकच मान्य संधी असते, ती उखाण्याची; आणि जिच्या पतीच्या मरणाचा संशय आहे तिला त्या समारंभात कोण बोलावणार? ज्यांना आठवण होती त्यांना नाव उच्चारण्याची मुभा नव्हती, आणि ज्यांना मुभा होती ते पुरुष त्या विषयावर बोलत नसत. अशा रीतीने दोन पिढ्यांत नाव गळाले आणि ‘बसराना बाबा’ एवढे राहिले.

हे संबोधन पुन्हा पाहावे. त्यात विशेषनाम नाही. पण नाते आहे आणि स्थळ आहे. ज्याचे वय गेले तेव्हा पंचविशीच्या आसपास असावे तो मागाहून जन्मलेल्यांचा ‘बाबा’ झाला. जे म्हातारपण त्याला लाभले नाही ते बोलीने त्याला दिले. आणि षष्ठीच्या प्रत्ययाने तो एरंडोलचा न राहता बसऱ्याचा झाला. तेथल्या भिंतीने त्याला नाव दिले नाही. आमच्या व्याकरणाने मात्र त्याला त्या गावाच्या स्वाधीन केले.

६

आता क्रियापदाकडे पाहू. प्रमाण मराठीत ‘लढाईवर गेला’ व ‘लढाईत गेला’ यांत स्पष्ट भेद आहे. पहिल्यात तो निघाला, दुसऱ्यात तो संपला. प्रत्ययाने अर्थ निश्चित होतो. अहिराणीतील ‘लढाईमा गया’ या वाक्यात तो निश्चित होत नाही. ‘बजारमा गया’ म्हणजे बाजारास गेला. त्याच न्यायाने ‘लढाईमा गया’ म्हणजे लढाईस गेला. आणि लढाईत मेला, हाही अर्थ त्यात बसतो. एकाच वाक्यात प्रयाण व मरण दोन्ही सामावतात आणि बोलणाऱ्याला त्यांतील एक निवडण्याची सक्ती होत नाही.

ही बोलीची उणीव मानावी काय? ज्या घरात वार्ता आली नाही, आलीच तर कोणास वाचता आली नाही, त्या घराला या संदिग्धतेची गरज होती, असे मला वाटते. पार्वतीबाईंना आपला नकार सर्व दरबारापुढे उभा राहून टिकवावा लागला. एरंडोलच्या त्या बाईला तो एका सप्तमीच्या आश्रयाने टिकविता आला. ‘गया’ म्हणताना ती खोटे बोलत नव्हती आणि मरणही मान्य करीत नव्हती.

येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषापाहणीत खानदेशी बोलीचा समावेश नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांसमवेत आहे. तो भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. पाहणीने प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची कथा घेतली होती. धाकटा मुलगा दूर देशी जातो, हालात पडतो, परत येतो, आणि मेलेला पुत्र पुन्हा जिवंत झाला म्हणून बाप उत्सव करतो. आमच्या बोलीचा जगापुढे ठेवला गेलेला छापील नमुना असा परत येणाऱ्या मुलाचा आहे. त्यानंतर सात वर्षांनी तीच बोली बोलणारे मुलगे दूर देशी गेले. त्यांच्यापैकी न परतलेल्यांचे वाक्य कोणत्याही पाहणीत आले नाही.

संदिग्धता अखेर संपली ती शब्दाने नव्हे. खानदेशात अक्षय्य तृतीयेस, म्हणजे आखाजीस, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिच्यावर डांगर, आंबा ठेवतात आणि पितरांसाठी विस्तवावर घास सोडतात. त्याच सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. जे परत येऊ शकतात ते व जे येऊ शकत नाहीत ते, अशा दोघांचाही हा सण आहे. आजी सांगे की बसराना बाबांची घागर कित्येक वर्षे भरली जात नव्हती. मग एका आखाजीस त्यांच्या पत्नीने आपण होऊन एक घागर जास्त मांडली. कोणी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही. त्या दिवसापासून ‘गया’चा अर्थ एकच झाला. आमच्या घरापुरते मृत्यूचे प्रमाणपत्र ते हेच.

७

एवढ्यावर लेख संपविता आला असता आणि घरगुती भाषा ही राजभाषेहून थोर, असा सोयीचा निष्कर्ष काढता आला असता. तो मला काढता येत नाही.

ज्या स्त्रीने ती घागर मांडली तिच्याविषयी आमच्या घरात काय बोलले जाते? तिचा उल्लेख ‘बसराना बाबानी बायको’ एवढाच होतो. पतीला निदान एक स्थळ व एक नाते मिळाले. तिला केवळ पतीच्या नात्याची षष्ठी मिळाली. पती गेल्यावर ती चाळीस वर्षांवर जगली, शेतात राबली, माझ्या आजोबांना तिने वाढविले. तिचे नाव तर घेण्यास कोणत्याही रूढीची आडकाठी नव्हती. ते कोणी विचारलेच नाही. पानिपतच्या सावकाराने शिपायाला खुर्दा केले, बसऱ्याच्या भिंतीने त्याला अंक केले. आणि आम्ही, ज्यांना या दोघांचा राग येतो त्या आम्ही, तिच्या बाबतीत तेच केले. घरातही मोती असतात आणि घरातही खुर्दा असतो.

यात आणखी एक विपरीत गोष्ट आहे. ज्या परक्या कचेरीने भिंतीवर नाव कोरले नाही, तिच्याच वहीत काही शिपायांच्या पत्नींची नावे उतरली आहेत. आमच्या बाबतीतही तशी नोंद असेल तर जे नाव घराने गमावले ते कदाचित तेथे, चुकीच्या अक्षरांत का होईना, शिल्लक असेल. साम्राज्याच्या दप्तराबद्दल कृतज्ञता बाळगावी असे मी म्हणत नाही. मात्र कोणती भाषा माणसाला जतन करील हे तिच्या जिव्हाळ्यावरून सांगता येत नाही, एवढे यातून शिकण्यासारखे आहे. घराने नाते राखले आणि नाव घालविले. वहीने नाव राखले आणि ध्वनी घालविला. दोन्ही अपुरी आहेत आणि एकमेकींवाचून निरुपयोगी आहेत.

यास्तव एक सूचना करून हा लेख आटोपता घेतो. आपल्या विभागातील विद्यार्थी बोलीचे नमुने गोळा करण्यास गावोगाव जातात. नमुना म्हणून आपण त्यांना ठरावीक शब्दयाद्या व कथा देतो. यापुढे प्रत्येक घरी त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत. या घरातून कोणी लढाईवर गेले होते काय, आणि त्यांच्याविषयी घरात कोणते वाक्य बोलले जाते? उत्तर जसेच्या तसे, बोलीतच, टिपून घ्यावे. त्याचे ‘हुतात्मा’ वा ‘वीरगती’ असे भाषांतर करू नये. त्याचबरोबर त्यांच्या पत्नीचे, आईचे नाव विचारावे. ही वाक्ये व नावे स्मारकांच्या वह्यांशी, तसेच नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे गावागणिक राखलेल्या वंशावळींशी ताडून पाहावीत. त्या नामावळींत रूढीचा अडसर नसतो, आणि नावे देवनागरीत किंवा मोडीत असल्याने ‘ट’ व ‘त’ तेथे वेगळे राहतात. कोठे तरी घरातले नाते व वहीतले नाव एकत्र येईल.

हे काम ज्यांना ती वाक्ये ठाऊक आहेत त्यांच्या हयातीतच होऊ शकेल. माझी आजी आता नाही. तिने सांगितलेले वाक्य मी येथे लिहून ठेवले आहे. पुढच्या आखाजीस आमच्या घरी एक घागर आणखी मांडावयाची आहे, आणि ती कोणाच्या नावाने हे अजून ठरावयाचे आहे.